मधुमेह आणि डोळ्याचा पडदा : दिसते आहे तोवर तपासा

‘‘डॉक्टर, डोळ्यांचं कशाला काढताय? चष्मा लावला की सुईत दोरा एका झटक्यात ओवतो की हो!’’

आमच्या मैंदर्गीतल्या एका शिंपीमास्तरांचे हे बोल. (ओळख पटू नये म्हणून थोडा तपशील बदलला आहे.) मास्तरांना मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली होती. दर महिन्या-दोन महिन्यांनी दवाखान्यात येत, साखर तपासून घेत, गोळ्या घेऊन जात. साखर कधी १८०, कधी २४०. ‘‘थोडी जास्त आहे, मास्तर’’ असे मी म्हणायचो आणि ‘‘लग्नसराई चाललीय, जेवणाचं काही खरं नाही’’ असे ते म्हणायचे. पडदा तपासून घ्या, असे मी एकदा चिठ्ठीवर लिहूनही दिले होते. त्यावर सुई-दोऱ्याचे वरील उत्तर आले आणि मीही विषय सोडून दिला. ही माझी चूक झाली.

एके दिवशी मशीनवर बसले असताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळे कोळिष्टक आल्यासारखे झाले. संध्याकाळपर्यंत सगळे धुरकट. दुखणे नाही, लाली नाही, पाणी नाही. ‘मोतीबिंदू असेल, पिकला की ऑपरेशन करू’ म्हणून ते दोन महिने घरीच थांबले. शेवटी सोलापूरला नेत्रतज्ज्ञांकडे गेले तेव्हा कळले, की डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला आहे. त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे होती. उजवा डोळा, ज्याने ते सुईत दोरा ओवत होते, तोही आतून त्याच वाटेवर होता!

हे कसे होते? डोळ्याला सर्व काही स्वच्छ दिसत असताना आत एवढी पडझड कशी होऊ शकते? आजच्या लेखात हेच समजून घेऊ.

पडदा म्हणजे काय?

डोळा हा कॅमेऱ्यासारखा आहे असे धरले, तर पुढचे भिंग म्हणजे लेन्स आणि मागची फिल्म म्हणजे पडदा, म्हणजेच दृष्टिपटल किंवा रेटिना. मोतीबिंदू भिंगात होतो. भिंग गढूळ झाले तर ते काढून नवे बसवता येते. पडदा मात्र मेंदूचाच पुढे आलेला भाग आहे. तो बदलता येत नाही.

या पडद्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. पण शरीरात वजनाच्या मानाने सर्वांत जास्त प्राणवायू खाणाऱ्या ऊतींपैकी तो एक आहे. हा प्राणवायू पोचवायला त्यात अतिशय बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. त्यांना केशवाहिन्या म्हणतात, पण खरे म्हणजे त्या केसाच्याही दहाव्या भागाइतक्याच जाड असतात. रक्तातली तांबडी पेशी त्यातून अंग चोरून, एकामागे एक अशीच जाऊ शकते.

लहानपणी आपण पिंपळाचे पान पाण्यात कुजत ठेवून त्याची जाळी करायचो आणि ती वहीत जपून ठेवायचो. अमेरिकेतील बोस्टन येथे कुवाबारा आणि कोगन या शास्त्रज्ञांनी १९६०च्या सुमारास पडद्याच्या बाबतीत जवळपास हेच केले. मृत व्यक्तींच्या डोळ्यांतील पडदा त्यांनी ट्रिप्सिन या पाचक द्रव्यात ठेवला. मऊ भाग विरघळून गेला आणि रक्तवाहिन्यांची नुसती जाळी उरली. मधुमेही आणि निरोगी डोळ्यांच्या जाळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर १९६१ साली एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. मधुमेही माणसाच्या जाळीतून एका विशिष्ट प्रकारच्या पेशी नाहीशा झालेल्या होत्या.

टायर आणि ट्यूब

या पेशी कोणत्या, हे समजण्यासाठी सायकलचे चाक डोळ्यांपुढे आणा. आत ट्यूब असते, बाहेरून तिला टायरचा आधार असतो. केशवाहिनीचेही तसेच आहे. आतले अस्तर म्हणजे एन्डोथेलियल पेशी. त्या एकमेकींना घट्ट चिकटून असतात आणि रक्तातले काय बाहेर जाऊ द्यायचे, काय नाही, यावर पहारा ठेवतात. या अस्तराला बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेशी म्हणजे पेरिसाइट. त्या वाहिनीला आधार देतात, गरजेप्रमाणे ती आकुंचित करतात आणि अस्तराच्या पेशींची अवाजवी वाढ होऊ देत नाहीत. शरीराच्या इतर भागांत पेरिसाइट विरळ असतात. डोळ्याच्या पडद्यात मात्र त्या सर्वांत दाट असतात. अस्तराच्या साधारण एका पेशीमागे एक. म्हणजे निसर्गाने इथे टायर मुद्दाम मजबूत दिला आहे.

मधुमेहात हा टायरच आधी झिजतो. टायर फाटला की तेथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो, हे आपण सायकलला पाहिले आहे. पेरिसाइट मेल्या की केशवाहिनीला तसेच सूक्ष्म फुगे येतात. पडद्यावर लाल टिंबासारखे दिसणारे हे फुगे म्हणजे तपासणीत डॉक्टरांना दिसणारी सहसा पहिली खूण. रोग्याला मात्र यातले काहीही जाणवत नाही.

साखर नेमके काय करते?

‘साखर तर ताकद देते, मग ती पेशींना कशी मारते?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला होता. प्रश्न बरोबर आहे.

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींचे दार साखरेला उघडायला इन्सुलिनची किल्ली लागते. इतर बऱ्याच पेशी, रक्तातली साखर फार वाढली तर आत घेण्याचे प्रमाण आवरते घेतात. केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना ते नीट जमत नाही. त्यांच्या दाराला इन्सुलिनची किल्ली लागत नाही आणि कडीही नाही. रक्तात साखर दुप्पट झाली की या पेशींतही ती लोटत जाते. मूत्रपिंडातील काही पेशी आणि पायांच्या नसा यांचेही असेच आहे. म्हणून मधुमेहात डोळे, मूत्रपिंड आणि पाय हे तिघे एकत्र बिघडतात.

आत शिरलेल्या जादा साखरेचे पुढे असे होते :

एक : पेशीतील वीजघरांवर (मायटोकॉन्ड्रियांवर) जादा भार पडतो. चुलीत एकदम खूप जळण कोंबले तर धूर जास्त होतो, तसे घातक प्राणवायू-कण तयार होतात. ते पेशीला आतून इजा करतात. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकाने २००१ साली मांडले, की पुढच्या बहुतेक बिघाडांचे मूळ याच धुरात आहे.

दोन : काही साखरेचे सॉर्बिटॉल नावाच्या द्रव्यात रूपांतर होते. हे करताना, धूर निवारण्यासाठी पेशीने राखून ठेवलेला साठा खर्च होतो.

तीन : साखर प्रथिनांना चिकटते. तव्यावर भाकरी भाजताना तिला जो तांबूस रंग येतो, तो पिठातील साखर आणि प्रथिने यांच्या संयोगाने येतो. तसाच संयोग शरीराच्या उष्णतेत, पण फार संथपणे, वर्षानुवर्षे चालतो. त्याने वाहिनीची भिंत जाड आणि ताठ होते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही तपासणी याच चिकटण्यावर आधारलेली आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, तेच तीत मोजतात.

चार : पेशीतील काही रासायनिक संदेश चुकीचे जाऊ लागतात. वाहिन्या झिरपू लागतात, पांढऱ्या पेशी अस्तराला चिकटून वाट अडवतात.

शेवटी काही वाहिन्या झिरपतात आणि काही बंद पडतात. पुढचे सारे या दोन गोष्टींतून घडते.

झिरपणे आणि बंद पडणे

वाहिनी झिरपली, की रक्तातले पाणी आणि स्निग्ध पदार्थ पडद्यात उतरतात. पडद्याच्या मध्यावर ‘मॅक्युला’ नावाचा नाजूक भाग आहे. वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे, ही सारी कामे तो करतो. तेथे सूज आली तर मधले दिसणे अंधुक होते, सरळ रेघ वाकडी दिसते. पण झिरपणे मध्यापासून दूर असेल, तर माणसाला पत्ताही लागत नाही. आमच्या मास्तरांच्या उजव्या डोळ्याचे असेच होते. मधला भाग शाबूत, म्हणून दोरा ओवला जात होता.

दुसरीकडे, वाहिन्या बंद पडलेला भाग प्राणवायूवाचून तडफडतो. तो मदतीसाठी व्हीईजीएफ नावाचे द्रव्य सोडतो. मधुमेही डोळ्यांतील या द्रव्याचे मोठे प्रमाण १९९४ साली संशोधकांनी दाखवून दिले. त्या हाकेला ओ देऊन नव्या रक्तवाहिन्या उगवतात. ऐकायला हे चांगले वाटते. पण या वाहिन्या घाईत बांधलेल्या कच्च्या भिंतीसारख्या असतात. त्या वाढतात पडद्याच्या पृष्ठावर, आणि जरा ताण आला की फुटतात. मग डोळ्यात रक्त उतरते. पुढे तेथे व्रणाच्या दोऱ्या तयार होऊन पडदा ओढला जातो आणि सुटूही शकतो.

हे सारे होताना दुखत का नाही? कारण पडद्याला वेदना कळवणारे तंतूच नाहीत. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. म्हणून अधूनमधून एक एक डोळा झाकून कॅलेंडरवरचे आकडे वाचून पाहावेत. मात्र हे घरचे पाहणे डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

मोतीबिंदूशी गल्लत नको

मोतीबिंदू हळूहळू, महिनोन्महिने वाढतो. एकाएकी काळे ठिपके, जाळे, लाल धूर, डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे वाटणे, ही मोतीबिंदूची लक्षणे नव्हेत. अशा वेळी ‘पिकू दे’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

आणखी एक गल्लत नेहमी होते. साखर फार वाढली की डोळ्याचे भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबर बदलतो. साखर उतरली की नंबर पुन्हा सरकतो. त्यामुळे साखर आटोक्यात येऊन काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नये. पैसे वाया जातात.

आपल्याकडे किती जणांना?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर आहेत. केंद्र सरकारने २०१५ ते २०१९ या काळात पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी केली. तीत ११.८ टक्के लोकांना मधुमेह आढळला आणि त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर त्याचे परिणाम दिसले. म्हणजे दर सहा मधुमेहींमागे एक.

‘हा शहरातल्या, जाड्या माणसांचा रोग’ हा समज आता सोडावा. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते. त्यांचा आणि त्यांच्या एका इंग्रज सहकाऱ्याचा, उंचीच्या मानाने वजनाचा आकडा अगदी सारखा होता. पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा असेलच असे नाही.

आमच्या सीमेवरच्या गावात कानडी बोलणारी माणसे या रोगाला ‘सक्करे कायिले’ म्हणतात. ‘मी लुकडा, उन्हात राबणारा, ज्वारीची भाकरी खाणारा, मला कसली सक्करे?’ असे म्हणणारे शेतकरी रोज भेटतात. ज्वारी चांगलीच, पण तीही पिष्टमय आहे. चार भाकऱ्यांची साखर ही चार भाकऱ्यांएवढीच होते. या समजापायी मधुमेह वर्षानुवर्षे कळत नाही. जेव्हा कळतो तेव्हा पडद्याची झीज आधीच सुरू झालेली असू शकते. म्हणूनच प्रौढ वयात मधुमेह सापडला, तर पडद्याची पहिली तपासणी लगेच करायची असते, पाच-दहा वर्षांनी नव्हे.

साखर आवरल्याने खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि त्याला भक्कम पुरावा आहे. अमेरिका व कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात, इन्सुलिनवर असलेल्या १४४१ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांची साखर नेहमीच्या पद्धतीने, निम्म्यांची काटेकोरपणे सांभाळली. पहिल्यांची एचबीए१सी ९च्या आसपास राहिली, दुसऱ्यांची ७च्या आसपास. ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात रोग सुरू होण्याचा धोका काटेकोर गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना आधीच थोडी सुरुवात होती, त्यांच्यात रोग वाढण्याचा धोका ५४ टक्क्यांनी घटला.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे दिसली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर साधारण सारखीच, एचबीए१सी ८च्या आसपास, आली. तरीही ज्यांनी पूर्वी साखर सांभाळली होती, त्यांचे डोळे पुढची कित्येक वर्षे अधिक सुरक्षित राहिले. पेशी जणू जुने दिवस लक्षात ठेवतात, चांगलेही आणि वाईटही. ‘मुलीचे लग्न होऊ दे, मग पथ्य पाळतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आज वाढलेल्या साखरेचा हिशेब पेशी पुढच्या वर्षी मांडतात.

रक्तदाबाचेही तेवढेच महत्त्व आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात मधुमेहींचा रक्तदाब नीट आवरल्याने पडद्याचा रोग वाढण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झाले. टायर झिजलेला असताना हवा जास्त भरली तर काय होते, हे सांगायला नको.

एक सावधगिरी मात्र हवी. ज्यांची साखर बरीच वर्षे फार वाढलेली आहे, त्यांची ती एकदम झपाट्याने उतरवली, तर पडद्याचा रोग काही काळ बळावू शकतो. म्हणून साखर उतरवणे टाळायचे नाही. आधी पडदा तपासून घ्यायचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बेताबेताने उतरवायची. मधुमेही स्त्रीला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच पडद्याची तपासणी करावी. गरोदरपणात हा रोग वेगाने वाढू शकतो.

उपचार कोणते?

साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि मूत्रपिंडे यांची काळजी व तंबाखू-विडी बंद, हा सर्वांसाठी पहिला उपचार. सुरुवातीच्या पायरीवर बहुतेकांना एवढे आणि नियमित तपासणी पुरते.

रोग पुढे गेला तर लेसर किरणांनी पडद्याच्या कडेच्या, उपाशी भागावर बारीक डाग देतात. त्यामुळे नव्या कच्च्या वाहिन्यांना बोलावणारी हाक थांबते. लेसरमुळे अशा रुग्णांत दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ सालीच सिद्ध झाले आहे. मॅक्युलाला सूज असेल तर व्हीईजीएफला आवर घालणारे इंजेक्शन डोळ्यात देतात. ‘डोळ्यात सुई’ म्हटल्यावर माणूस घाबरतो. पण डोळा आधी बधिर करतात आणि काम मिनिटभराचे असते. मात्र ते बहुधा पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. मध्येच सोडू नये. डोळ्यात साठलेले रक्त हटत नसेल किंवा पडदा ओढला जात असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते.

लेसर करून ‘नजर वाढली नाही’ अशी तक्रार काही रुग्ण करतात. लेसरचे मुख्य काम आहे ती नजर टिकवणे. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून नजर शाबूत असतानाच जायचे.

तपासणीला जाताना

तपासणी साधी आहे. डोळ्यात थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि दुर्बिणीसारख्या उपकरणातून पडदा पाहतात किंवा त्याचा फोटो काढतात. दुखत नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. थेंबांमुळे चार-सहा तास जवळचे अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये. एस.टी.ने जावे, सोबत कुणाला तरी न्यावे, टोपी किंवा काळा चष्मा ठेवावा. आपल्या औषधांची यादी आणि साखरेचे जुने कागद बरोबर घ्यावेत. सोलापूरच्या शासकीय छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात नेत्रविभाग आहे. ज्यांना खाजगी तपासणी परवडत नाही, त्यांनी तेथे चौकशी करावी.

थोडक्यात :

१. प्रौढपणी मधुमेह सापडला की लगेच, आणि लहान वयात इन्सुलिनवर असलेल्यांनी पाच वर्षांच्या आत, पडदा तपासून घ्यावा.

२. त्यानंतर वर्षातून एकदा. रोग आढळल्यास डॉक्टर सांगतील तितक्या वेळा.

३. दिसण्यावरून अंदाज बांधू नये. दिसणे बिघडते ते शेवटी.

४. एचबीए१सी आणि रक्तदाब यांचे आपले लक्ष्य डॉक्टरांकडून विचारून घ्यावे व लिहून ठेवावे.

५. अचानक जाळे, ठिपके, धूर दिसल्यास थांबू नये.

मास्तरांच्या उजव्या डोळ्याला वेळेवर लेसर झाले आणि तो वाचला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली; त्याने हाताची बोटे मोजता येतात, त्यापुढे फारसे नाही. काजे-बटणाचे काम आता मुलगा करतो. मास्तर कापड बेततात. दवाखान्यात येणाऱ्या दुसऱ्या मधुमेहींना ते स्वतःहून विचारतात, ‘‘पडदा बघून आलात का?’’

त्यांच्यामुळे मीही एक सवय लावून घेतली. मधुमेही रुग्णांच्या कागदावर साखर आणि रक्तदाबाच्या शेजारी मी आता तिसरा रकाना आखतो : पडदा तपासल्याची तारीख. तो रिकामा असेल तर त्या दिवशी गोळ्यांआधी त्याचे बोलणे होते. वाचकहो, आपल्या घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांची फाईल आज काढून पाहा. ती तारीख तेथे आहे का?